दाजींशी वाद, ताईचा अबोला

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी कॅथलिक आहे. ताईचं लग्न बॅप्टिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, घरात झालं. गेली काही वर्षं मी कॅथलिक श्रद्धेच्या समर्थनाचा अभ्यास करतोय. दाजी भेटले की ‘बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’ असं विचारतात आणि मीही सोडत नाही. मागच्या भेटीत पवित्र मरियेला ‘सह-उद्धारकर्ती’ (तारणाच्या कामात ख्रिस्ताची सहभागी) म्हणण्यावरून इतकी जुंपली की ताई रडत आत निघून गेली. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या बायबल अभ्यासगटातही मी एकटा पडलोय. हातावर कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेणाऱ्या एका बाईंना मी सगळ्यांसमोर पाखंडी म्हणालो. जुन्या लॅटिन उपासनेचा आग्रह धरणारे लॅटिन मिस्सावाले मला मवाळ म्हणतात, कारण चर्चबाहेर कुणाचंच तारण नाही हे मी त्यांच्या अर्थाने मानत नाही. आता भाच्याचा अर्पणविधी (बाप्तिस्मा न देता बाळ देवाला अर्पण करण्याचा विधी) दाजींच्या चर्चमध्ये ठरलाय. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा शब्द ताईने लग्नात दिला होता, तो कुठे गेला? आमंत्रण आईमार्फत आलंय. जाऊ का? आणि दाजींना उत्तर काय देऊ?”

प्रिय वाचक,

तुमचं मूळ पत्र बरंच लांब आहे. त्यात वचनं, परिषदा आणि दाजींना दिलेली उत्तरं पानंच्या पानं आहेत, आणि ताई अगदी शेवटी. मला खरं तर शेवटापासून सुरुवात करायची होती. पण वादाचा हिशोब चुकता झाल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचाल असं वाटत नाही, तेव्हा आधी वादच घेऊ.

ज्या मुद्द्यावरून ताई उठून गेली, तो चर्चने तुमच्या गळ्यात बांधलेलाच नव्हता. मरियेबद्दल कॅथलिक माणसाने मानायलाच हव्यात अशा गोष्टी मोजक्या आहेत. ती देवमाता आहे (इफिसची परिषद, ४३१). ती सदैव कुमारी आहे. ती जन्मपापाच्या डागाविना गर्भात आली (पोप पायस नववे, १८५४). तिला देहासह स्वर्गात घेण्यात आलं (पोप पायस बारावे, १९५०). ‘सह-उद्धारकर्ती’ या यादीत कधीच नव्हती. काही पोपांनी ती पदवी वापरली, बऱ्याच भाविकांनी ती अधिकृत व्हावी म्हणून रोमकडे विनंत्या केल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने पोप लिओ चौदावे यांच्या संमतीने जाहीर केलं की ती वापरणं योग्य नाही, कारण तिच्यामुळे ख्रिस्ताचं एकमेव मध्यस्थपण झाकोळलं जाऊ शकतं. दाजी त्या दिवशी जी शंका काढत होते, जवळपास तीच. आणि तुम्ही तिच्याविरुद्ध जिवाच्या आकांताने लढलात.

तुमचं वाचन दांडगं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गोची अशी की तुमच्याकडे सगळ्याच गोष्टींना एकच वजन आहे. त्रैक्य, मरियेची पदवी, हातावरचं कम्युनियन, लॅटिन मिस्सा, कशासाठीही तुम्ही तितक्याच त्वेषाने उठता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांची १९६२-६५ ची सभा) ख्रिस्ती ऐक्यावरच्या १९६४ च्या आदेशपत्रात याबद्दल एक सूत्र आहे: कॅथलिक शिकवणुकीतल्या सत्यांना एक क्रम आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेच्या पायाशी त्यांचं नातं सारखं नाही. याचा अर्थ क्रमात खाली असलेली सत्यं ऐच्छिक झाली असा होत नाही (तुमच्या गटातलं कुणीतरी लगेच तसं म्हणेल). पण कुठला प्रश्न पायाचा, कुठला वरच्या मजल्याचा, आणि कुठला मुळात सिद्धांतच नसून शिस्तीचा किंवा आवडीचा, एवढं तोंड उघडण्यापूर्वी ठरवता आलं पाहिजे. तुमचे दाजींशी आणि स्वकीयांशी झालेले निम्मे वाद या चाळणीतच गळून पडतील.

उरलेले खरे. त्यातला पहिला, ‘बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’

यावर तुम्ही ‘केवळ बायबल, हे तरी बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’ असं उलट विचारता. ऐकायला बिनतोड आहे. पण त्याने समोरचा गप्प होतो, पटवून घेत नाही, आणि शिवाय ते दाजींच्या भूमिकेला नेमकं लागतही नाही. प्रॉटेस्टंट पंथांचे सोळाव्या शतकातले प्रवर्तक ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी जुनी परंपरा उकिरड्यावर फेकली नव्हती. दोघंही जागोजागी ऑगस्टीनचा, म्हणजे चर्चच्या आरंभीच्या शतकांतल्या एका थोर धर्मपित्याचा (शिक्षकाचा), दाखला देतात. त्यांचं म्हणणं असं की कधीच न चुकणारा, अखेरचा निवाडा फक्त शास्त्राचा. परिषदांना, धर्मपित्यांना मान आहे, पण ते चुकू शकतात. ‘तुम्ही बायबलपलीकडे काहीच मानत नाही’ असं धरून तुम्ही बोलायला लागलात की दाजींना एवढंच कळतं, की याने आपलं ऐकलेलं नाही.

त्यांना धास्ती कशाची आहे ते बघा. चर्चचे अधिकारी देवाच्या वचनाच्या डोक्यावर बसतील याची. क्षमापत्रांचा बाजार (पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैशाला विकणं) आठवला तर ही धास्ती हवेतली म्हणता येत नाही. आणि तिला देण्यासारखं उत्तर आपल्याकडे आहे. व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रकटीकरणावर जो दस्तऐवज काढला, त्यात स्वच्छ लिहिलंय की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे, आणि जे सोपवलं गेलं तेवढंच तो शिकवतो. हे आधी वाचून दाखवा. मग थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, २:१५ काढा. तोंडी मिळालेली शिकवण आणि पत्राने मिळालेली शिकवण, दोन्ही घट्ट धरा असं पौल तिथे सांगतो. दाजी म्हणतील, जे तोंडी होतं ते पुढे लिहून झालंच. हा प्रामाणिक प्रतिवाद आहे, त्यावर हसू नका. विचारा, की सगळं लिहून झालं हे आपल्याला कुठून कळलं? आणि कुठली पुस्तकं शास्त्रात धरायची ही यादी कुणी दिली? एका बैठकीत इथपर्यंत पोचलात तर खूप झालं. तिथे थांबा.

यादीचा विषय निघालाच आहे तर थोडी साफसफाई करून घेऊ, कारण या बाबतीत दोन्ही बाजूंची तोंडपाठ वाक्यं ऐकून मला वैताग येतो. प्रॉटेस्टंट बाजू म्हणते, ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४६ मध्ये जुन्या करारातली सात पुस्तकं बायबलमध्ये घुसवली. ती हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांच्या याद्यांत आहेत. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये ती पुन्हा नोंदवली. ट्रेंटने त्यावर पक्का शिक्का मारला. कॅथलिक बाजू म्हणते, ल्यूथरने सात पुस्तकं फाडून टाकली. त्याच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती छापलेली आहेत, फक्त वेगळी काढून, शास्त्राच्या बरोबरीची नसली तरी वाचायला चांगली अशा शेऱ्यासह. त्यांच्याबद्दल शंका काढणारा तो पहिलाही नव्हता. त्याच्या हजारेक वर्षं आधी खुद्द संत जेरोमने तशी शंका घेतली होती. तुमच्या पत्रात ‘प्रॉटेस्टंटांचे ३३ हजार पंथ’ आहेत. खोडा. ज्या विश्वकोशातून हा आकडा फिरत आलाय तिथे एकच मंडळी दर देशात वेगळी मोजली आहे, आणि ती बेरीज सगळ्या ख्रिस्ती जगाची आहे, आपल्यासकट. ऑगस्टीनच्या नावावर तुम्ही लिहिलेलं ‘रोम बोललं, वाद संपला’ हेही जसंच्या तसं त्याचं वाक्य नाही. माणूस कृपेवाचून स्वबळावर चांगला होऊ शकतो असं शिकवणाऱ्या पेलाजियसच्या प्रकरणात दोन सभांचे निर्णय रोमला कळवले, तिथून उत्तरं आली, प्रकरण मिटलं, असं तो एका प्रवचनात म्हणतो. हे मूळ म्हणणं सांगितलंत तरी तुमची बाजू लंगडी पडत नाही, उलट दाजींना चूक काढायला जागा राहत नाही.

दुसरा खरा वाद तारणाचा. तुम्ही याकोब २:२४ (माणूस केवळ विश्वासाने नव्हे, कृतींनी नीतिमान ठरतो) काढता, दाजी रोमकरांस ३:२८ (माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो) काढतात, आणि पुढचा तासभर दोघंही तेच पान वाचत बसता. दाजींना मनापासून वाटतं की कॅथलिक माणूस पुण्याच्या राशी लावून स्वर्ग विकत घेऊ बघतो. त्यांना ट्रेंटचा जानेवारी १५४७ चा आदेश दाखवा. नीतिमान ठरण्याविषयीच्या नियमांतला पहिलाच नियम असा: ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कृतींच्या बळावर माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, तो बहिष्कृत. जी परिषद ल्यूथरला उत्तर द्यायला बसली, तिने सुरुवात इथून केली, हे बहुतेक प्रॉटेस्टंटांना आणि खरं सांगायचं तर बहुतेक कॅथलिकांनाही ठाऊक नसतं.

त्यापुढचा दस्तऐवज ३१ ऑक्टोबर १९९९ चा. आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी आपल्याला समर्थ करतो, असं दोघं मिळून त्यात म्हणतात. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ मध्ये त्यात आले. पण जरा सांभाळून. बॅप्टिस्टांनी त्यावर सही केलेली नाही, आणि लुथरनांतल्याही काही मंडळ्यांना ते मान्य नाही. ‘तुमच्याच लोकांनी मान्य केलंय’ असं दाजींना सुनवायला जाल तर तोंडघशी पडाल. फरकही सगळे मिटलेले नाहीत. खरोखर तारलेला माणूस ते तारण गमावू शकत नाही असं बरेच बॅप्टिस्ट मानतात. आपण मानतो की गंभीर पापाने कृपा गमावता येते. यावर तुम्ही दोघं जरूर भांडा. तो फरक तरी खरा आहे.

दाजींना ‘तुम्ही प्रॉटेस्टंट’ म्हणून सरसकट गाठू नका, हेही यातच आलं. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ असं लिहिलं आणि तिथून तो हलला नाही. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं, कम्युनियनवर फिसकटलं. ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर आहे या बाबतीत ल्यूथर दाजींपेक्षा तुमच्या जवळ आहे. बालकांच्या बाप्तिस्म्याचंही तेच: ल्यूथर, कॅल्व्हिन, झ्विंग्ली तिघांनीही तो ठेवला. दाजींची परंपरा म्हणते, आधी स्वतःचा विश्वास, मग बाप्तिस्मा. नव्या करारात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नावानिशी नोंदलेला नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये अख्ख्या घराण्यांचा बाप्तिस्मा आहे. सन २०० च्या सुमारास चर्चचा लेखक टर्टुलियन ‘लहान मुलांची घाई कशाला?’ म्हणतो, प्रथा चालू असल्याशिवाय कुणी असं म्हणत नाही. तिसऱ्या शतकातला लेखक ओरिजेन तर ती प्रेषितांकडून आलेली परंपरा सांगतो. तुमच्याकडे सामग्री भरपूर आहे. अर्पणविधीच्या दिवशी त्यातलं अक्षरही काढायचं नाही.

आता घरचा आहेर.

हातावर कम्युनियन घेणाऱ्या बाईंना तुम्ही पाखंडी म्हणालात. १९८३ च्या कॅनन संहितेचं (चर्चच्या कायद्याचं) ७५१ वं कलम उघडा: बाप्तिस्म्यानंतर, मानायलाच हवं असं सत्य हट्टाने नाकारणं किंवा त्यावर हट्टाने शंका घेणं म्हणजे पाखंड. हातावर कम्युनियन घेण्याची मुभा, बिशपांच्या परिषदेने मागितली तिथे, १९६९ पासून रोमच देत आलंय. त्या बाई नियमातच वागत होत्या. तुम्हाला जिभेवर घ्यायला आवडतं, खुशाल घ्या, त्यालाही कुणाची ना नाही. पण त्यांची माफी मागा, आणि ज्या गटासमोर बोललात त्याच गटासमोर मागा. कुणाचा दोष दिसला तर आधी त्याला एकट्याला सांग, असं मत्तय १८:१५ म्हणतं. तुम्ही थेट चारचौघांत गेलात, आणि तेही नसलेल्या दोषासाठी.

लॅटिन मिस्सावाल्यांशी तुमचा जो सिद्धांताचा वाद आहे, त्यात तुम्ही बरोबर आहात. बोस्टनमध्ये लेनर्ड फीनी नावाचे एक जेझुइट (त्या नावाच्या कॅथलिक संन्यासी संघातले धर्मगुरू) होते. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे वचन ते इतक्या कडकपणे लावत की प्रत्यक्ष कॅथलिक नसलेल्या कुणालाच त्यात जागा उरत नव्हती. ऑगस्ट १९४९ मध्ये रोमच्या होली ऑफिसने (आजच्या श्रद्धासिद्धांत विभागाचं जुनं नाव) बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र पाठवलं, की माणूस सदस्य नसला तरी इच्छेने चर्चशी जोडलेला असू शकतो, आणि अज्ञानामुळे ती इच्छा त्याच्या तोंडून कधी बोलली गेलेली नसली तरीही. फीनी बधले नाहीत, रोमने बोलावलं तर गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये बहिष्कृत झाले. १९७२ मध्ये त्यांचा समेट झाला. ‘हा सगळा व्हॅटिकन परिषदेनंतरचा ढिलेपणा’ असं कुणी म्हणालं तर तारखांकडे बोट दाखवा. १९४९ च्या त्या पत्राच्या वेळी परिषद भरायला अजून तेरा वर्षं होती, पोप पायस बारावे होते, आणि लॅटिन मिस्सा हीच रोजची मिस्सा होती.

मात्र त्या लोकांना लॅटिन मिस्सा हवी आहे यावरून त्यांना टोमणे मारू नका. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला मोकळीक दिली, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली. ज्यांना प्रार्थना करायला शिकवणारी गोष्टच काढून घेतल्यासारखं वाटतं, ते चिडणारच. कलम २१२ नुसार विश्वासूंना आपलं मत धर्मपालांपुढे आणि एकमेकांपुढे आदराने मांडायचा हक्क आहे. तो त्यांनाही आहे आणि त्या बाईंनाही.

कॅथलिकांनी आपसात किती टोकाला जाऊन कसं थांबावं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन संन्यासी संघांत देवाची कृपा आणि माणसाची मुक्त इच्छा यांचा मेळ कसा घालायचा यावर जुंपली. डॉमिनिकन म्हणत, जेझुइट पेलाजियसच्या वाटेने चाललेत. जेझुइट म्हणत, हे कॅल्व्हिनचे जुळे भाऊ. प्रश्न वरच्या मजल्याचा नव्हे, पार पायाजवळचा. रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. १६०७ मध्ये पोप पॉल पाचवे यांनी निकाल न देताच त्या बंद केल्या: दोघांनीही आपापलं मत शिकवावं, दुसऱ्याला पाखंडी मात्र म्हणू नये. निकाल अजून यायचाय. तुमच्या अभ्यासगटाच्या खोलीत हा आदेश मोठ्या अक्षरांत लावायला माझी काही हरकत नाही.

आणि आता ताई.

कॅथलिक व्यक्ती दुसऱ्या मंडळीतल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाशी लग्न करते तेव्हा ती जो शब्द देते, तो कलम ११२५ मध्ये आहे: मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढ कॅथलिक चर्चमध्ये व्हावी म्हणून आपल्या हातात आहे ते सगळं करीन. आपल्या हातात आहे ते. समोर नवरा आहे, त्याची श्रद्धा आहे, सासर आहे. या ओढाताणीत तिने काय केलं, किती केलं, कुठे हात टेकले, हे ती, दाजी आणि तिचे धर्मगुरू जाणोत. तुम्हाला तिचे हिशोबनीस कुणी नेमलेलं नाही. मला तर दाट शंका आहे की ती रडली ती मरियेच्या पदवीवरून नव्हेच. तिच्या मुलाचं काय होणार हा प्रश्न तिच्या घरात आधीच धुमसत असणार, आणि तिचा नवरा आणि भाऊ तिच्यासमोर नेमके त्यावरच, वेगळ्या नावाने, भांडत होते.

पत्राच्या माथ्यावर तुम्ही १ पेत्र ३:१५ लिहिलंय, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा. पुढचा भाग गाळलाय: ‘पण ते सौम्यतेने व आदराने.’ आणि ‘विचारणाऱ्याला’ हेही त्यातच आहे. दाजी विचारतात, त्यांना उत्तर द्या. ताईने काहीच विचारलं नव्हतं. जेझुइटांच्या पहिल्या फळीतले पीटर फेबर यांनी १५४६ मध्ये आपल्या एका सोबत्याला लिहिलं होतं, की लुथरनांशी बोलणाऱ्याने आधी त्यांच्यावर खरं प्रेम करावं, आणि जिथे एकमत आहे तिथून बोलणं सुरू करावं. तुम्ही त्यांचं नाव समर्थकांच्या यादीत लिहिलंय, म्हणून आठवण.

तर अर्पणविधीला जा. १९९३ ची ऐक्यविषयक मार्गदर्शिका कॅथलिकांना इतर मंडळ्यांच्या उपासनेला बसायला, त्यांच्या प्रार्थनेत आणि गीतांत सूर मिळवायला मोकळीक देते. प्रभुभोजन असेल तर घेऊ नका, आणि कुणी विचारलं तर ‘आम्हाला तशी परवानगी नाही’ एवढंच सांगा, कारणमीमांसा नको. दाजींचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर चर्च तो खरा मानतं. १९६४ चं तेच आदेशपत्र अशांना प्रभूमधले भाऊ म्हणतं. दाजींनी तिथेच कुणासमोर ‘बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’ काढलं, तर म्हणा, ‘बोलू या की, आज नको. पुढच्या भेटीत आधी तुम्ही सांगा, मी ऐकतो.’ आणि त्या भेटीत खरंच आधी ऐका. त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगा, ‘हो, हेच म्हणतोय मी’ असं ते म्हणेपर्यंत. तोवर तुमची पाळी नाही.

येतोय हा निरोप आईमार्फत पाठवू नका. ताई फोन घेत नसेल तर मेसेज करा: ‘ताई, मी येतोय. त्या दिवशी तुझ्या घरात मी जे केलं त्याचं वाईट वाटतं. वाद घालणार नाही. तिथे काही काम असेल तर सांग, लवकर येतो.’ त्यात वचन घालू नका, फीनींची गोष्ट तर नकोच. तिचं उत्तर आलं नाही तरी लवकर जा.